लहान मोटारकारखाने आणि प्रयोगाचें इंजिन

भंडारा जिल्ह्यांतील तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगररांगेवर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या पदरीं असलेल्या राजाखान पठाणानें तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधिला. पुढें तो नागपूरकर भोंसल्यांकडे आला व त्यांच्या कारकीर्दींत कैदी ठेवण्याच्या कामीं लागला. या किल्ल्याचें परीक्षण करणारा कोणताहि संशोधक राजाखानास असा दोष देत नाहीं कीं, त्यानें दुर्गरचनेची एखादी अपूर्व पद्धति कां शोधून काढिली नाहीं. तट, बुरूज, दरवाजा, पाण्याची सोय हीं सारीं त्या काळीं रूढ असलेल्या रीतीचींच आहेत. एका लहान राज्याच्या सुभेदाराजवळ द्रव्य किती, पाथरवट किती व सवड किती होती, हें पाहूनच आपण त्याच्या कृतीचें मोजमाप करितों.

यंत्रयुगाच्या इतिहासाचा प्रश्न आला म्हणजे मात्र हा विवेक सुटतो. मुंबईच्या प्रीमियर कारखान्यानें पन्नास वर्षें मोटारी बनविल्या, पण स्वतःचें म्हणून एकहि इंजिन काढिलें नाहीं. सबब आमच्या कारखानदारांत कल्पकताच नव्हती, असा निकाल सर्रास दिला जातो. प्रस्तुत लेखांत या निकालाची छाननी करावयाची आहे. सनदा, महजर व शिलालेख यांत रमणाऱ्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. तथापि आंबागडच्या परिसरास तो परका नाहीं. पोलादाच्या कामीं लागणारें मँगनीज याच तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघतें. आणि याच जिल्ह्यांत गडेगांव येथें १९८२ सालीं अशोक लेलँड कंपनीचा कारखाना निघाला, त्याचें मुख्य काम मालमोटारींच्या गिअरबॉक्स बनविणें हें होय. ज्या जिल्ह्यांत गोंडकालीन तट आहेत त्याच जिल्ह्यांत यंत्रकाळाचीं साधनेंहि जमूं लागलीं आहेत. तेव्हां त्यांचा अर्थ लावण्याची रीतहि आपणांस ठरवावी लागेल.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. सिद्ध झालेल्या नमुन्याबरहुकूम इंजिन बनविणें हें एक काम. ज्याचें यश आगाऊ ठाऊक नाहीं असें इंजिन आंखून, करून, मोडून, पुन्हां करणें हें दुसरें काम. या दुसऱ्या प्रकारास येथें ‘प्रयोगाचें इंजिन’ म्हटलें आहे. पहिलें काम आपल्याकडील कारखान्यांनीं पुष्कळ केलें. वाद दुसऱ्याविषयीं आहे.

प्रीमियरचा वृत्तांत

मोटारीचा कारखाना हिंदुस्थानांत निघावा, या खटपटीचा आरंभ सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या १९३५–३६ च्या सुमाराच्या योजनेपासून धरितां येतो. मुंबईंत त्यापूर्वीं, १९२८ पासून, अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा कारखाना शिवडी येथें चालूं होता. परंतु तेथें परदेशाहून आलेले सुटे भाग जोडण्यापलीकडे फारसें कांहीं होत नसे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं विश्वेश्वरय्यांच्या खटपटीचा धागा उचलला. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९४० सालीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला, त्यांच्या सिंदिया कंपनीनें १९४१ सालीं विशाखापट्टणम् येथें जहाजबांधणीचा पाया घातला आणि १९४४ सालीं त्यांनीं मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. विमान, जहाज व मोटार या तिन्ही धंद्यांत एकाच दशकांत हात घालणाऱ्या पुरुषास धाडस नव्हतें, असें म्हणणें धाडसाचेंच होईल.

कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ सालीं काम सुरूं झालें. आरंभीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार होता आणि डॉज, प्लिमथ व डी सोटो या नांवांच्या गाड्या तेथें जोडल्या जात. १९५१ च्या सुमारास इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जडला व १९५४ पासून ‘अकराशें’ या जातीची मोटार कुर्ल्यास तयार होऊं लागली. वालचंद शेठ १९५३ सालींच निवर्तले होते. फियाटच्या या मोटारीचे भाग हळूहळू येथेंच होऊं लागले, इंजिनहि येथेंच ओतलें व घडविलें जाऊं लागलें. आणि १९७२ सालीं ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ सालीं ‘प्रीमियर पद्मिनी’ असें देशी नामकरण झालें.

नांव बदललें तरी इंजिन तेंच राहिलें. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटर मापाचें हें इंजिन फियाटनें १९३७ सालीं आपल्या मोटारींत प्रथम घातलें होतें. पद्मिनीची निपज नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली, तोंपर्यंत म्हणजे साठांहून अधिक वर्षें त्या मूळ आंखणीचा वंश चालला. दरम्यान १९८५ सालीं प्रीमियरनें ‘११८ एन. ई.’ ही मोठी मोटार काढिली. तिचा सांगाडा फियाटच्या १२४ या मोटारीचा होता, परंतु इंजिन जपानच्या निस्सान कंपनीच्या जातीचें, ११७१ घन सेंटिमीटरांचें होतें. पुढें पद्मिनींत डिझेल इंजिन बसविण्याची वेळ आली, तेव्हां तें इटलीहून घेतलें. २००९ सालीं कंपनीनें ‘रिओ’ नांवाची लहान गाडी काढिली, तींत आरंभीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या जातीचें डिझेल इंजिन होतें. याप्रमाणें वंशावळ मांडली असतां इटली, जपान, पुन्हां इटली व फ्रान्स अशीं चार घराणीं दिसतात. कुर्ल्याचें घराणें दिसत नाहीं. आक्षेपकांचें म्हणणें वस्तुस्थितीला धरून आहे, हें आधीं मान्य केलें पाहिजे. प्रश्न आहे तो कारणाचा.

कसब नव्हतें काय?

पहिलें कारण सुचविलें जातें तें कसबाच्या अभावाचें. तें टिकत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली ती १९१० सालीं. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तेंहि त्याच सालीं. जुने कागद वाचणारे व लोखंड ओतणारे असे दोन्ही वर्ग या प्रांतांत बरोबरच उभे राहिले. सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें बनविण्यास आरंभ केला. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली व तिचीं इंजिनें विहिरीविहिरीवर बसलीं. कोल्हापूर, सांगली व सातारा या भागांतील ओतशाळांतून तयार झालेले कारागीर आजहि इंजिनाचे भाग देशोदेशीं पाठवितात. तेव्हां सिलिंडर ओतणारा, दट्ट्या बसविणारा व क्रँकशाफ्ट घांसणारा हात महाराष्ट्रांत होता.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. विहिरीवरील इंजिन हाच तेथें विकावयाचा माल असतो. तें एका जागीं, जवळजवळ एकाच वेगानें चालतें. वजन अधिक झालें तरी चालतें. शेतकऱ्याच्या गांवचा मिस्त्री तें उघडून पुन्हां बसवूं शकतो. त्याचा आंखीव नमुना वर्षानुवर्षें पुरतो. मोटारीचें इंजिन म्हणजे समग्र वस्तूचा एक अवयव. त्याला हलकें असावें लागतें, क्षणांत मंद व क्षणांत वेगवान व्हावें लागतें, घाटांत तापावें व पावसांत भिजावें लागतें. तें बिघडलें तर सारी मोटार बदनाम होते. म्हणून विहिरीच्या इंजिनांत मिळविलेलें कसब मोटारींत उपयोगी पडतें, पण पुरेसें होत नाहीं.

खर्च कोठें होतो?

नवीन इंजिनाची कल्पना सुचणें व तिचें एक प्रतिरूप घडविणें हें फार खर्चाचें काम नाहीं. चांगली ओतशाळा, दोनचार लेथ व हुशार मिस्त्री असले म्हणजे एक इंजिन उभें करितां येतें. खर्च तेथून पुढें सुरू होतो. लाकडी साच्यावरून वाळूंत ओतलेला ठोकळा एकदां चांगला उतरतो. दुसऱ्या वेळीं आंतील गाभा तसूभर सरकतो व पाण्याच्या वाटेची भिंत पातळ पडते. हा दोष बाहेरून दिसत नाहीं. इंजिन शेंकडों तास चालल्यावर ठोकळा तडकतो तेव्हां कळतो. झडपा जळतात, बेअरिंगें झिजतात, तेल गळतें, आणि प्रत्येक वेळीं कोणता दोष आंखणीचा, कोणता धातूचा व कोणता हाताचा, हें वेगळें करावें लागतें. त्यासाठीं तीं इंजिनें रात्रंदिवस चालवून, मोडून, मोजून पाहणें हाच उपाय. याहून मोठा खर्च यंत्रसामग्रीचा. एकसारखीं हजारों इंजिनें काढावयाचीं तर एकाच वेळीं अनेक भोकें पाडणारीं, त्या एकाच ठोकळ्यासाठीं केलेलीं यंत्रें लागतात. आंखणींत एक भोंक इकडचें तिकडे झालें कीं तें यंत्र निरुपयोगी. म्हणून इंजिन शोधून काढणें महाग नाहीं, तें सुधारीत राहणें महाग आहे. फियाट, निस्सान किंवा प्यूजो यांच्याकडून इंजिन घेणारा मनुष्य केवळ चित्रें विकत घेत नाहीं. दुसऱ्यानें आधींच केलेल्या व निस्तरलेल्या चुका विकत घेतो.

हिशेब उदाहरणानें पाहूं. समजा, एका इंजिनाच्या सिद्धतेस एक कोटि रुपये लागले. वर्षास दहा हजार मोटारी काढणाऱ्यानें तो खर्च पांच वर्षांवर पसरला, तर मोटारीमागें दोनशें रुपये बसतात. वर्षास दोन लक्ष मोटारी काढणाऱ्यास तोच खर्च मोटारीमागें दहा रुपये पडतो. आतां समजा, पहिला प्रयोग फसला व तो सारा पुन्हां करावा लागला. मोठ्याचे दहाचे वीस होतात व ते कोणाच्या लक्षांतहि येत नाहींत. लहानाचे दोनशेंचे चारशें होतात. ते गिऱ्हाइकावर टाकतां आले नाहींत तर भांडवलांतून जातात, आणि तिसऱ्या प्रयोगाची वेळच येत नाहीं. प्रयोग म्हणजे फसण्याची मुभा. आणि ही मुभा संख्येनें विकत मिळते.

आमच्याकडील संख्या केवढी होती? १९७० च्या सुमारास साऱ्या भारतांत मिळून वर्षास सुमारें ३५ हजार मोटारी बनत, आणि त्याहि तीन कारखान्यांत वांटलेल्या : कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मुंबईस प्रीमियर व मद्रासेस स्टँडर्ड. ही संख्या वाढविणें कारखानदाराच्या हातीं नव्हतें. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानें किती माल काढावयाचा हें परवान्यावर अवलंबून ठेविलें होतें. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर, नुसते भाग जोडणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या परदेशी कंपन्यांनीं येथील आपलें काम आंवरतें घेतलें. त्यामुळें देशी कारखान्यांस मोकळें रान मिळालें खरें, परंतु त्या रानास कुंपणहि होतें. परकीय चलन दुर्मिळ, यंत्रें परदेशाहून आणण्यास परवानगी, आणि शेवटीं किंमतहि सरकारनें ठरविलेली. १९६९ सालीं मोटारींच्या किंमती सरकारी हुकुमानें बांधल्या गेल्या. त्याविरुद्ध प्रीमियर प्रभृति कारखाने सर्वोच्च न्यायालयांत गेले व १९७१ सालीं निर्णय झाला. एका मोटारीमागें खर्च किती धरावा व गुंतविलेल्या भांडवलावर परतावा किती असावा, याची त्या प्रकरणांत झालेली चर्चा इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य वाचावी. ज्या धंद्यांत मोटारीमागील रुपया न्यायालयापुढें मोजून दाखवावा लागतो, त्या धंद्यांत फसणाऱ्या प्रयोगाचे रुपये कोणत्या खात्यावर लिहावयाचे?

इचलकरंजीची साक्ष

या विवेचनास एका माणसाचें चरित्र साक्ष देतें. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४५ च्या सुमारास स्वस्त, लहान व सर्वस्वी देशी मोटार बनविण्याचा ध्यास घेतला. १९४९ च्या सुमारास त्यांची पहिली दोन माणसांची गाडी रस्त्यावर आली. त्यानंतर पंचवीस वर्षें ते एकामागून एक नवे नमुने करीत राहिले. ही ‘मीरा’ मोटार होय. तिचें इंजिन गाडीच्या मागील भागीं असे, आणि तें परक्या कारखान्याचें नसून त्यांच्या स्वतःच्या आंखणीचें होतें. आक्षेपक ज्या कल्पकतेचा अभाव सांगतात ती येथें मूर्तिमंत उभी होती, व तीहि मोठ्या शहराच्या बाहेर, मागावर कापड विणणाऱ्या गांवांत.

तथापि १९७५ च्या सुमारापर्यंत नमुने सिद्ध होऊनहि ‘मीरा’ कारखान्यांतून हजारांनीं बाहेर पडली नाहीं. शंकररावांजवळ इंजिन होतें, पण तें पुनःपुन्हां फसूं देण्याइतकी संख्या नव्हती. प्रीमियरजवळ कांहीं संख्या होती, पण ती प्रयोगाला पुरेल इतकी नव्हती, आणि उसनें इंजिन हातीं असल्यामुळें प्रयोगाची निकडहि नव्हती. एकाकडे कल्पना, दुसऱ्याकडे कारखाना; या दोहोंना जोडणारा पैसा, परवाना व धीर यांचा पूल मध्यें नव्हता. शंकररावांच्या गाडीकडे केवळ कौतुकानें पाहून आपण थांबलों, तर तिनें दिलेली ही साक्ष वायां जाईल.

परदेशांत काय घडलें?

ही स्थिति केवळ आमच्याच नशिबीं आली असें समजणें चूक होय. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील मॉर्गन कंपनी शंभर वर्षांहून अधिक काळ मोटारी बनवीत आली आहे. परंतु तिचें इंजिन कधीं फोर्डचें, कधीं ट्रायम्फचें, कधीं रोव्हरचें, तर अलीकडे जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. चें. त्यावरून इंग्रजांस कल्पकता नाहीं असा निष्कर्ष कोणी काढीत नाहीं. त्याच देशांतील ए. सी. या लहान कंपनीनें उलट वाट धरली. जॉन वेलर यानें आंखलेलें सहा सिलिंडरांचें इंजिन तिनें १९१९ सालीं पुढें आणिलें. इंजिन उत्तम होतें. पण त्याच्या जागीं स्वतःचें दुसरें आणण्याची ऐपत कंपनीला पुढें झाली नाहीं, व तेंच इंजिन १९६३ पर्यंत चाललें. फियाटचें उसनें इंजिन कुर्ल्यास जितकें रेंगाळलें, जवळजवळ तितकेंच ए. सी. चें घरचें इंजिन रेंगाळलें. इंजिन उसनें होतें म्हणून जुनें राहिलें, या समजुतीस हें एकच उदाहरण पुरेसें उत्तर आहे.

उसनवारीलाहि धोके असतात. जर्मनींतील हँबुर्ग येथील टेंपो कंपनीनें १९४९ सालीं आपल्या ‘मॅटाडोर’ मालगाडींत फोक्सवॅगनचें इंजिन घातलें. १९५२ सालीं फोक्सवॅगननें इंजिनें देणें बंद केलें आणि टेंपोस दुसऱ्यांचीं दारें ठोठवावीं लागलीं. याच टेंपोच्या सहकार्यानें १९५८ सालीं नवलमल फिरोदिया यांनीं बजाज टेंपो ही कंपनी काढिली व तिच्या तीनचाकी गाड्या महाराष्ट्राच्या गांवोगांवीं पोंचल्या. शिक्षक व शिष्य दोघेहि इंजिनाच्या बाबतींत इतरांवर अवलंबून होते. बजाज टेंपोनेंहि पुढें मर्सिडीझचें डिझेल इंजिन स्वीकारलें. आणि त्याच कंपनीचें आजचें रूप जी फोर्स मोटर्स, ती मर्सिडीझ व बी. एम. डब्ल्यू. या दोन्ही कंपन्यांसाठीं भारतांत इंजिनें जोडून देते.

लहान कारखान्यानें खरोखर धाडसी इंजिन काढल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत व तीं बारकाईनें पाहण्याजोगीं आहेत. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीनें १९५० सालीं वायुटर्बाइनवर चालणारी मोटार रस्त्यावर आणिली. परंतु त्या विद्येचा पाया युद्धकाळांत व्हिटलच्या विमान-इंजिनावर सरकारी कामांत घातला गेला होता. शिकण्याचा मोठा खर्च सरकारी तिजोरींतून झाला होता. जर्मनीच्या एन. एस. यू. कंपनीनें फेलिक्स वांकेल याच्या फिरत्या दट्ट्याच्या इंजिनावर सर्वस्व पणास लाविलें व १९६७ सालीं ‘रो ८०’ ही मोटार काढिली. दट्ट्याच्या टोंकावरील पट्ट्या लवकर झिजत. हमीपोटीं इंजिनें बदलून देतां देतां कंपनी घाईस आली आणि १९६९ सालीं ती फोक्सवॅगनच्या छत्राखालीं विलीन झाली. ‘रो ८०’ ची एकूण निपज सुमारें ३७ हजार झाली. जपानच्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीनें त्याच इंजिनाचा परवाना १९६१ सालीं घेतला व दीर्घ खटपटीनें तें यशस्वी करून दाखविलें. पण १९७३ सालीं खनिज तेल महागतांच हें अधिक तेल पिणारें इंजिन गळ्याशीं आलें, व सुमितोमो बँक पाठीशीं उभी राहिली म्हणून कंपनी तरली.

आतां मोठ्या कंपनीचें उदाहरण पाहावें. ज्या क्रायस्लरशीं प्रीमियरचा पहिला करार होता, तिनें १९६३ सालापासून टर्बाइनच्या ५० मोटारी करून दोनशेंवर गिऱ्हाइकांस पाळीपाळीनें वापरण्यास दिल्या. प्रयोग संपल्यावर बहुतेक मोटारी मोडून टाकिल्या. इंजिन विक्रीस आलेंच नाहीं, म्हणजे प्रयोग फसला. पण त्यानें क्रायस्लर बुडाली नाहीं. एन. एस. यू. चें इंजिन विकलें गेलें, वाखाणलें गेलें, तरी कंपनी नाहींशी झाली. दोघांच्या बुद्धींत नव्हे, तर संख्येंत अंतर होतें.

उलट पक्ष

येथें एक आक्षेप रास्त आहे व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. बाजार बंदिस्त होता, गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षें मोटारीची वाट पाहत असे. अशा स्थितींत कारखानदारास नव्या इंजिनाची गरजच वाटली नाहीं, असें म्हटलें जातें. हें खरें आहे. परंतु ‘गरज वाटली नाहीं’ हें कारण १९८३ पर्यंतच पुरतें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत जपानी सुझुकीच्या सहकार्यानें झालेली मारुति मोटार बाजारांत आली. त्यानंतर गरज उघड उघड भासूं लागली. तरीहि प्रीमियरनें १९८५ सालीं जें केलें तें निस्सानचें इंजिन घेण्याचेंच. गरज उत्पन्न झाल्यावरहि वागणूक बदलली नाहीं, यावरून मूळ कारण आळसाहून खोल होतें हें सिद्ध होतें. बंदिस्त बाजारानें गरज नाहींशी केली, व लहान संख्येनें सामर्थ्य वाढूं दिलें नाहीं. दोन्ही कारणें एकाच परवान्याच्या कागदावरून निघालीं.

संख्या वाढल्यावर काय झालें, हें पाहिलें म्हणजे उरलासुरला संशय फिटतो. पुण्याच्या टाटा कारखान्याची ‘इंडिका’ १९९८ सालीं पुढें आली, ती मालमोटारींच्या धंद्यावर पोसलेल्या मोठ्या भांडवलाच्या बळावर. आणि तिच्या इंजिनाच्या सिद्धतेंत फ्रेंच तज्ज्ञांचें साहाय्य होतेंच. महिंद्र कंपनीनें विलीजच्या जीपचें व पुढें प्यूजोचें इंजिन कित्येक वर्षें वापरलें. तिचें ‘एम-हॉक’ हें नव्या घडणीचें इंजिन २००८ च्या सुमारास आलें, तेव्हां तिच्या गाड्यांचा खप पूर्वीच्या कितीतरी पट झाला होता. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमुळें चाचणीचीं साधनें अनेक कारखान्यांस सामाईक मिळूं लागलीं, हाहि याच कारणाचा एक पोटभाग समजावा. कारण सामाईक साधन म्हणजे लहानांनीं एकत्र येऊन केलेली संख्या. माणसें तींच, प्रांत तोच. संख्या बदलली तेव्हां इंजिन आलें.

संग्राहकांस विनंति

राज्यांचा इतिहास बखरींवरून लिहूं नये, जमाखर्चाच्या कागदांवरून व अस्सल पत्रांवरून लिहावा, हा धडा महाराष्ट्रांतील संशोधकांनीं फार परिश्रमानें घालून दिला आहे. कारखान्यांच्या बाबतींत जाहिराती व गौरवग्रंथ या बखरी होत. ओतशाळेंत किती ठोकळे बाद झाले याची वही, इंजिन किती तासांनीं बंद पडलें याची नोंद, आयातीच्या परवानगीसाठीं केलेले अर्ज व त्यांवरील नकार, आंखणीचे निळे कागद व त्यांवर मिस्त्रीनें पेन्सिलीनें केलेल्या दुरुस्त्या, हे अस्सल कागद. प्रीमियरनें एखाद्या नव्या इंजिनाचा विचार केला होता काय, केला असल्यास तो कोणत्या आंकड्यापाशीं थांबला, याचें उत्तर असल्याच कागदांत मिळावयाचें.

हे कागद झपाट्यानें नाहींसे होत आहेत. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज नव्या इमारती आहेत. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत मुंबईंत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. ज्यांनीं तेथें ओतकाम केलें, चाचण्या घेतल्या, ते लोक आतां वृद्ध आहेत. त्यांच्या घरच्या पेट्यांतील वह्या रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं पोथ्यांच्या बरोबरीनें जपून ठेवाव्या, एवढीच विनंति आहे. आंबागडाच्या बांधणीचा खर्च कोणीं, कसा व किती केला याची वही आपल्यासमोर असती, तर राजाखानाविषयीं आपण कितीतरी नेमकें बोलूं शकलों असतों. कारखान्यांच्या वह्या अद्याप कोठेंकोठें शिल्लक आहेत. त्या वाचून मग कल्पकता होती कीं नव्हती याचा निकाल द्यावा. न वाचतां दिलेला निकाल हा इतिहास नव्हे.